ठकीच्या घोड्याची शेपूट

सावंतवाडीच्या चितारआळीत तुम्ही कधी गेला असाल तर तेथील दुकानांत मांडलेली लाकडी फळे, भातुकलीची भांडी, रंगीत पाट आणि चाकांवर उभे असलेले घोडे तुम्ही पाहिले असतील. ही कला जुनी आहे. पांगारा, आंबा असे सहज कोरता येणारे लाकूड घ्यायचे, तासून-घासून आकार द्यायचा, त्यावर रंग चढवायचा आणि वरून लाखेचा किंवा तयार व्हार्निशचा हात फिरवायचा. पुढच्या खेपेस यांतला एखादा छोटा घोडा हातात घेऊन त्याची शेपूट नीट पाहा. बहुतेक वेळा ती अंगाबरोबरच कोरलेली किंवा नुसती रंगाने काढलेली आढळेल. केसांची शेपूट कारागिराने का लावली नाही? तेवढा वेळ नव्हता, किंवा किंमत वाढली असती, ही उत्तरे खोटी नाहीत. पण आणखी एक कारण आहे, आणि ते विज्ञानाचे आहे.

ते समजण्यासाठी शेपूट लावूनच पाहू या. मालवणच्या किनाऱ्याला नारळाच्या सोडणांना तोटा नाही. एक सुके सोडण ठेचून काथ्या काढा, त्याची जुडी बांधा आणि घोड्याच्या मागे अडकवा. शेपूट खाली लोंबण्याऐवजी आडवी, ताठ उभी राहील. घोडा घोड्यासारखा न दिसता चुना लावायच्या कुंचल्यासारखा दिसेल. तुम्ही म्हणाल, काथ्या राठच असतो, खऱ्या घोड्याचे केस लावले असते तर? व्हायोलिनच्या गजाला घोड्याच्या शेपटीचे केस लावलेले असतात. गजाचा तुटलेला केस कोणाकडून मिळाला तर त्याचा बोटभर तुकडा चिमटीत आडवा धरून पाहा. तोही जवळजवळ तसाच ताठ राहतो! घोड्याच्या अंगावर झुळझुळणारा केस खेळण्याच्या अंगावर काटा होऊन बसतो. असे का व्हावे?

प्रथम आपल्या घोड्याचे माप घेऊ. घोड्याची उंची डोक्यापर्यंत मोजत नाहीत. मान जेथे पाठीला मिळते तेथील उंचवट्यापर्यंत मोजतात. खरा मध्यम घोडा १४४ सें.मी. उंच धरू आणि आपला लाकडी घोडा १८ सें.मी.चा. म्हणजे आपले प्रमाण १ : ८ झाले. त्यावर बसणारी बाहुलीही याच प्रमाणात हवी. १६० सें.मी. उंचीची बाई २० सें.मी.ची होईल. आपण तिला ठकी म्हणू. मात्र ती चिंध्यांची करा, कारण जुन्या पद्धतीची लाकडी ठकी गुडघ्यात वाकत नाही आणि घोड्यावर मांड ठोकत नाही.

लांबी आठपट कमी झाली म्हणजे सगळेच आठपट कमी झाले असे नाही. पृष्ठभागाचे क्षेत्रफळ ८ × ८ म्हणजे ६४ पटींनी कमी होते आणि घनफळ ८ × ८ × ८ म्हणजे ५१२ पटींनी. खरा घोडा ३८४ किलोग्रॅमचा असेल तर हाडामांसाचा छोटा घोडा फक्त पाऊण किलोचा भरेल. पांगाऱ्याचे लाकूड पाण्याच्या साधारण एक तृतीयांश घनतेचे धरले तर लाकडी घोडा पाव किलोचा. आता पाय पाहा. वजन १५३६ पटींनी कमी झाले, पण पायांच्या छेदाचे क्षेत्रफळ ६४ पटींनीच कमी झाले. म्हणून खेळण्याच्या पायांवर येणारा दाब खऱ्या घोड्याच्या पायांवरील दाबाच्या चोविसाव्या हिश्शाइतकाच असतो. नुसत्या वजनासाठी एवढ्या जाड पायांची त्याला गरज नव्हती. तरी कारागीर ते जाडच ठेवतो, आणि बरोबर ठेवतो. लाकूड रेषेच्या दिशेने सहज चिरते आणि खेळणे फळीवरून खाली पडणार हे त्याला ठाऊक असते.

क्षेत्रफळ आणि घनफळ वेगवेगळ्या गतीने बदलतात या साध्या गोष्टीचे महत्त्व गॅलिलिओने आपल्या १६३८ साली लायडन येथे छापलेल्या ग्रंथात विस्ताराने मांडले. मोठ्या प्राण्याचे हाड लहान प्राण्याच्या हाडाची नुसती वाढवलेली नक्कल असून चालत नाही, ते प्रमाणाबाहेर जाड असावे लागते, हे त्याने चित्र काढून दाखवले होते. आपला प्रश्न याच्या उलट दिशेचा आहे. आपण मोठ्याचे लहान करतो आहोत, आणि आपल्याला हाड नको, केस हवा आहे.

केस का वाकतो? एक टोक घट्ट धरले की उरलेल्या भागाचे वजन त्याला खाली ओढते. हे वजन लांबीवर आणि जाडीच्या वर्गावर अवलंबून असते. शिवाय केस जितका लांब तितके ते वजन आधारापासून दूर. तेव्हा वाकवणारा जोर जाडीच्या वर्गाच्या आणि लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. याला विरोध करतो तो केसाचा ताठपणा. तो जाडीच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असतो. जाडी दुप्पट केली की ताठपणा सोळापट होतो. दोन्हींचा भागाकार करा. केसाला येणारा बाक लांबीच्या वर्गाला जाडीच्या वर्गाने भागून येतो. या बाकामुळे टोक किती खाली उतरेल हे पुन्हा लांबीच्या वर्गावर अवलंबून. म्हणजे टोकाचा उतार लांबीच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो आणि जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो.

हे पुस्तकातले म्हणून मान्य करू नका; टेबलाच्या कडेला करून पाहता येते. काथ्याचा शक्य तितका सरळ तंतू निवडा. त्याचे एक टोक टेबलावर जड पुस्तकाखाली दाबा आणि ५ सें.मी. भाग कडेबाहेर येऊ द्या. शेजारी पट्टी उभी धरून टोक किती खाली आले ते मोजा. मग तोच तंतू १० सें.मी. बाहेर काढा. एक अडचण येईल: काथ्याला जन्मतःच बाक असतो. त्यावर उपाय सोपा आहे. तंतू अर्धा फेरा फिरवून, वरची बाजू खाली करून, पुन्हा मोजा आणि दोन्ही मापांची सरासरी घ्या. जन्माचा बाक एकदा वर आणि एकदा खाली मोजला जाऊन वजा होतो. जाडी मोजण्यासाठी असे वीस तंतू चिकटपट्टीवर अंगाला अंग लावून बसवा आणि त्यांची एकूण रुंदी विसाने भागा. ०.२ मि.मी. जाडीच्या तंतूचा उतार ५ सें.मी.ला सुमारे १ मि.मी. आणि १० सें.मी.ला सुमारे १५ मि.मी. यावा. लांबी दुप्पट, उतार सोळापट! (शिक्षकांसाठी: १० सें.मी.च्या फार पुढे जाऊ नये. तंतू बराच वाकला की वरचा हिशेब लागू पडत नाही.)

आता शेपटीकडे वळू. आपल्याला टोकाचा उतार मिलिमीटरमध्ये नको आहे. शेपटीच्या लांबीच्या मानाने ती किती झुकते हे महत्त्वाचे, कारण डोळ्याला तेच दिसते. तेव्हा उताराला लांबीने भागू. उरते ते लांबीचा घन भागिले जाडीचा वर्ग. घोड्याचा केस ६० सें.मी. लांब आणि ०.२ मि.मी. जाड धरला, तर आपली शेपूट साडेसात सें.मी.ची. लांबीचा घन ५१२ पटींनी कमी झाला. झुकणे तेवढेच राहावे अशी इच्छा असेल तर जाडीचा वर्गही ५१२ पटींनी कमी व्हायला हवा. ५१२ चे वर्गमूळ सुमारे २२.६. म्हणून आठपट बारीक केस पुरणार नाही, बावीस-तेवीसपट बारीक हवा! ०.२ मि.मी.ला २२.६ ने भागा. उत्तर सुमारे ०.००९ मि.मी., म्हणजेच ९ मायक्रॉन येते.

एवढा बारीक तंतू कोठे मिळेल? रेशमाच्या किड्याने तो तयार करून ठेवला आहे. कोशातून निघणारा रेशमाचा एकेरी तंतू साधारण १० ते १२ मायक्रॉन जाडीचा असतो. तो केसापेक्षा दोन-तीन पटींनी अधिक ताठ द्रव्याचा आहे हे खरे, पण जाडी एवढी कमी झाल्यावर तो फरक जाणवत नाही, साडेसात सें.मी.चा रेशमाचा झुबका सुखाने लोंबतो. सुताचा तंतूही बारीक असतो, पण तो मुळात दोन-तीन सें.मी.चाच. पीळ उसवला की तो सुटून गळतो. म्हणून शेपटीला सूत निरुपयोगी.

तुम्ही किनाऱ्यावर राहत असाल तर रेशीम विकत घेण्याचीही गरज नाही, आणि एक सुंदर प्रयोग फुकटात होतो. गळाला लावतात तो एकेरी, जाड नायलॉनचा धागा, म्हणजे तंगूस, त्याचा एक तुकडा घ्या. दुसरीकडे पिळाच्या नायलॉन धाग्याने विणलेल्या फाटक्या जाळ्याचा तुकडा घेऊन त्याचा धागा उसवा. तो उसवत उसवत शेवटपर्यंत गेलात की कोळिष्टकासारखे बारीक तंतू हाती येतील. त्यांची जाडी मिलिमीटरच्या तीस-चाळिसाव्या हिश्शाएवढी असते. दोन्ही नायलॉनच, दोन्हींची घनता तीच. साडेसात सें.मी.चा तंगूस खिळ्यासारखा उभा राहतो आणि उसवलेला झुबका पाण्यासारखा खाली पडतो. शेपटीचे रहस्य द्रव्यात कमी आणि जाडीत अधिक आहे याची याहून चांगली साक्ष मला माहीत नाही.

जोनाथन स्विफ्टच्या १७२६ सालच्या गलिव्हरच्या सफरींत लिलिपुट देशातील सगळे आपल्यापेक्षा बारापट लहान आहे. तेथील घोडे चार-पाच इंच उंचीचे. त्यांचे केसही फक्त बारापट बारीक असतील, तर लिलिपुटच्या राजाची सगळी घोडदळे शेपट्या पिंजारून फिरत असली पाहिजेत!

प्रत्यक्ष कामाला लागू. जाळ्यातून काढलेले नायलॉन नागमोडी असते, कारण वर्षानुवर्षे ते पिळात बसलेले असते. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात; पण नायलॉनचा पीळ गरम पाण्यापुढे नमतो. उष्णतेने त्याचे रेणू एकमेकांवरून थोडे सरकू शकतात आणि ताणलेल्या अवस्थेत थंड झाले की तेथेच थांबतात. झुबक्याला वर दोरा आणि खाली छोटे वजन बांधा, घरातील मोठ्या माणसाला बरोबर घेऊन त्यावर कढत पाणी ओता आणि वजनासकट टांगून वाळू द्या. तंतू बरेच सरळ होतील. मग जुडी मधोमध दुमडून दोऱ्याने घट्ट बांधा आणि बांधलेला भाग खळ लावून घोड्याच्या मागच्या भोकात बसवा. भोक पाडताना सुताराच्या हातचा गिरमिट बरा. खिळा ठोकलात तर लाकूड चिरण्याची शक्यता असते. आयाळीसाठी तंतू कापडाच्या अरुंद पट्टीवर शिवून ती पट्टी मानेवर चिकटवा. आयाळ शेपटीहून आखूड, म्हणून लांबीच्या घनाचा नियम येथे अधिकच जाचतो. आयाळीसाठी सर्वांत बारीक तंतू राखून ठेवा.

खोगीर, झूल आणि लगाम यांनाही हाच नियम लागतो. जाड सतरंजीच्या तुकड्याची झूल केलीत तर ती घोड्याच्या पाठीवर छपरासारखी दोन्हीकडे उभी राहील. जुन्या, धुऊन धुऊन विरलेल्या धोतराचे किंवा मलमलीचे कापड घ्या. विदर्भात तान्ह्या पोळ्याला मुले लाकडी बैल सजवतात; त्यांच्या झुलीलाही हे लागू आहे. खोगिराला मात्र ताठपणा हवा असतो. पुठ्ठ्याचा साडेपाच सें.मी. लांबीचा तुकडा ओला करून घोड्याच्याच पाठीवर दोऱ्याने बांधून वाळवा, म्हणजे तो पाठीचा आकार घेईल. मध्ये कागद ठेवा, नाहीतर ओल रंगाला लागेल. वरून कापड मढवा आणि आत कापूस किंवा चिंध्या भरा. खऱ्या खोगिरातही असेच काहीबाही भरत असत. ‘खोगीरभरती’ हा शब्द तेथूनच आला. पोटाखालून जाणारा तंग १ सें.मी. रुंद पुरे.

लगामासाठी चामडे वापरण्याचा मोह टाळा. खऱ्या लगामाचे चामडे ३-४ मि.मी. जाड असते, आठपट लहान केले तर अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ लागेल, आणि तेवढे पातळ चामडे सहज मिळत नाही. त्याऐवजी मलमलीची अडीच मि.मी. रुंद पट्टी चिंचोक्याच्या खळीत बुडवून वाळवा आणि खळीत काजळी कालवून रंगवा. चिंचोक्याची खळ सावंतवाडीला नवी नाही. तेथील गंजिफाची गोल पाने करताना ती वापरण्याची रीत आहे. दशावतारी गंजिफाचा पुरा संच १२० पानांचा असतो, म्हणजे बरीच खळ लागत असणार. चिंचोक्यातील लांब साखळ्यांचे रेणू तंतूंच्या मधल्या फटींत शिरतात आणि वाळल्यावर त्यांना धरून ठेवतात. रिकिबी तांब्याच्या तारेच्या करा, आतून दीड सें.मी. रुंद.

गळ्यात घुंगरू बांधलेत तर तेथेही प्रमाणाचा नियम ऐकू येईल. एकाच धातूची, एकाच आकाराची घंटा आठपट लहान केली की तिची वारंवारता आठपट वाढते. आठ म्हणजे दोन गुणिले दोन गुणिले दोन, तेव्हा तिचा स्वर तीन सप्तके वर चढतो.

द्रव्य तेच ठेवून प्रतिकृती लहान केली की ती फसवते, ही अडचण खेळण्यांपुरती नाही. पुण्याजवळ खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे. १९१६ साली मुंबई प्रांताच्या पाटबंधारे खात्यातील एका छोट्या शाखेतून ते वाढले. बंदर, खाडी किंवा धरण बांधण्यापूर्वी तेथे त्याची लहान प्रतिकृती करून पाणी कसे वागते ते पाहतात. समजा देवबागसारख्या, समुद्राने कुरतडलेल्या किनाऱ्याची १ : १०० प्रमाणात प्रतिकृती करायची आहे. वाळूचा कण ०.२ मि.मी.चा असेल तर तो शंभरपट लहान केल्यावर २ मायक्रॉनचा होईल. ती वाळू राहत नाही, चिखल होतो. कण एकमेकांना चिकटतात आणि पाण्यात तरंगत राहतात. उलट खरी वाळूच टाकली तर छोट्या लाटांना ती हलवत नाही, जशी आपली काथ्याची शेपूट हलत नव्हती. म्हणून अशा प्रतिकृतींत वाळूऐवजी कोळशाची भुकटी किंवा तसाच हलका पदार्थ वापरतात. आपण काथ्या सोडून रेशीम घेतले, तोच हा प्रकार. फरक इतकाच की तेथे चूक झाली तर धक्का चुकीच्या जागी उभा राहतो आणि कोणाच्या तरी माडांची रांग समुद्रात जाते.

घोडा तयार झाला की त्याला रोजचा नाही तरी आठवड्याचा खरारा हवा. अंगावरची धूळ कोरड्या, मऊ कापडाने टिपा. काथ्याच्या ब्रशने घासलेत तर लाखेवर ओरखडे येतील. लाख स्पिरिटमध्ये विरघळते आणि सोड्याच्या पाण्यातही सुटते, तेव्हा चकाकी आणण्यासाठी या दोन्हींचा उपयोग करू नका. पावसाळ्यात ओल लागून लाखेवर पांढुरकी छटा येते. उन्हात तापणाऱ्या खिडकीतही घोडा ठेवू नये. सुमारे ७० अंश सेल्सियसच्या आसपास लाख मऊ पडते, आणि त्याच्या खालीही ती धूळ धरू लागते. खोबरेल लावण्याची सवय आपल्याकडे सगळ्यांना आहे, पण येथे तेल म्हणजे धुळीला आमंत्रण.

शेपूट विंचरायला लाकडी फणी घ्या. प्लास्टिकच्या फणीने कोरड्या हवेत रेशीम विंचरले की प्रत्येक तंतूवर एकाच जातीचा विद्युतभार जमतो, तंतू एकमेकांना दूर लोटतात आणि एवढ्या कष्टाने खाली आणलेली शेपूट पुन्हा फिस्कारते. मालवणात हे क्वचितच दिसेल, कारण दमट हवेतील पाण्याचा पातळ थर तो भार वाहून नेतो. घाटावर, कोल्हापूर-सोलापूरकडे, जानेवारीच्या सकाळी मात्र हमखास दिसेल. दोन ठिकाणच्या मित्रांनी पत्राने ठरवून एकाच दिवशी हा प्रयोग करावा आणि शेजारच्या थर्मामीटरचे आकडेही लिहून ठेवावेत. साधा एक आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेला एक, असे दोन थर्मामीटर असले तर दोन्हींतील फरकावरून आर्द्रताही काढता येईल.

घोडा पेटीत ठेवायचा असेल तर रेशमाच्या शेपटीकडे अधूनमधून लक्ष द्या. रेशीम हे प्रथिन आहे आणि कसरीला ते आवडते. दर पंधरवड्याला बाहेर काढून सावलीत हवा दिली की पुरते. नायलॉनच्या शेपटीला कसर लागत नाही. तिला बाधते ते ऊन. उन्हातील अतिनील किरणांनी नायलॉनच्या साखळ्या तुटतात आणि तंतू ठिसूळ होऊन गळतात. वापरात नसलेले जाळे झाकून, सावलीत ठेवलेले बरे, ते याच कारणाने.